दुहेरी अक्षरांचा आणा

दादा,

तू गेल्यापासून गल्ल्यात हात घालायची मला भीती वाटते. तेरवी झाली, आता दुकान किती दिवस बंद ठेवायचं, असं वहिनी म्हणाली म्हणून काल उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आलं ते स्टेशनावरचा हमाल. विडीच्या बंडलासाठी त्याने आणा टाकला. मी तो उचलला आणि विचार न करता दाराकडे वळून उजेडात धरला.

"काऊन बाई, खोटा हाये का?" तो म्हणाला.

"नाही, चांगला आहे."

"भाऊबी असेच पाहेत," तो म्हणाला आणि बंडल घेऊन गेला. त्यानंतर बराच वेळ मी पोत्यावर बसून राहिले. समोरच्या रस्त्याने कोणी खाकी कपड्यांतला माणूस येताना दिसला की छातीत धस्स होत होतं, आणि मग आठवत होतं की आता कोणी आलं तरी तुला काय करणार आहे? तरीही धस्स व्हायचं राहत नव्हतं. ही सवय तुझीच. मरताना माणूस घरच्यांना काय काय देऊन जातो. तू मला ही धास्ती देऊन गेलास.

मी माझ्या घरचं आटोपून रोज दुपारी तुझ्या दुकानात येऊन बसायची, तू जेवून येईपर्यंत. हे रेल्वेत असल्यामुळे आमची खोली स्टेशनाच्या अंगाला, तुझं दुकान चार पावलांवर. लग्न झालेल्या बहिणीला असा भाऊ जवळ मिळतो कुठे? मलकापूरच्या बायका माझा हेवा करायच्या. पण तू जेवून आलास की मला लगेच घरी जाऊ द्यायचा नाहीस. "थांब व वच्छे, हे पाह्य," म्हणायचास, आणि घड्याळजीकडून घेतलेलं ते काळं भिंग माझ्या हातात द्यायचास.

सुरुवात त्या म्हाताऱ्या उतारूपासून झाली. त्याची गाडी चुकली होती म्हणून तो आपल्या दुकानाच्या ओट्यावर दिवसभर बसला होता. मुंबईच्या टांकसाळीत त्याची उमर गेलेली. तू त्याला चहा पाजलास आणि त्याने तुला नाणी कशी जन्मतात ते सांगितलं. ठसा तयार करताना मूळ छाप त्याच्यावर एकापेक्षा जास्त वेळा दाबतात, आणि दुसऱ्या वेळी तो केसभर जरी सरकला तरी त्या ठशाची अक्षरं जन्मभर दुहेरी. मग त्या ठशातून निघालेलं प्रत्येक नाणं सारखंच दुहेरी, सख्ख्या भावंडांसारखं. आणि दुसरा प्रकार वेगळा. ठसा चांगलाच असतो, पण यंत्रात सैल बसलेला. नाणं मारताना तो घसरतो आणि अक्षराच्या कडेला चपटी पायरी पडते. ती चूक त्या एकट्या नाण्याची. म्हातारा संध्याकाळच्या गाडीने गेला, पुन्हा कधी दिसला नाही. त्याच्या एका दिवसाच्या बोलण्यावर तू पुढची वर्षं काढलीस.

चहापत्तीच्या डब्यात तुझी ही विचित्र मंडळी जमत गेली. कोणा पैशावर राजाचं नाक दोनदा उमटलेलं. कोणा अधेल्याची एक बाजू कोरीच. कोणाची छाप एका अंगाला सरकून अर्धा काठ रिकामा. मी चौथीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षर मला वाचता येत नव्हतं, पण तू म्हणायचास की तेच बरं आहे, वाचणारा माणूस शब्द पाहतो आणि न वाचणारा आकार पाहतो. तेव्हा मला हसू यायचं.

मग लढाई आली आणि हसणं संपलं.

तुला आठवतं ना, चिल्लर कशी गायब झाली ते? पाव आण्याचं मीठ घ्यायला आलेल्या बाईला परत द्यायला पैसा नसायचा. बदल्यात तू सुपारीचं खांड द्यायचास. मग ते भोकाचे पैसे आले, आणि ते पिवळसर आणे. पाकळीदार कडा तशाच, पण रंग भलताच. बाजारात कोणी ते घेईना. म्हातारे लोक दातांनी चावून पाहत. त्यातच सरकारने हुकूम काढला की गरजेपेक्षा जास्त चिल्लर कोणी घरात दाबून ठेवली तर गुन्हा. एका व्यापाऱ्याच्या घरातून पोलिसांनी पोतं काढून नेल्याची बातमी आली त्या दिवशी मी धावतच तुझ्याकडे आले.

"दादा, तो डबा टाकून दे."

"कुठी टाकू? त्यात काय दाबून ठेवलं मी? चुकीची नाणी आहेत थे."

"पोलिसाले सांगशीन का असं?"

तू डबा तांदळाच्या कोठीमागे सरकवलास. त्यात एक खोटा आणाही होता हे मला माहीत होतं. शिसं आणि कथलाचा ओतीव आणा, हाताला साबणासारखा बुळबुळीत. गिऱ्हाइकाने गल्ल्यात सोडलेला. तू तो पुढे कोणाला खपवला नाहीस, फेकलाही नाहीस. खोटा कसा असतो ते दाखवायला जवळ पाहिजे, असं म्हणायचास. मी म्हणत होते की तो एक आणा तुला तुरुंगात घालेल. आपलं हे भांडण तेव्हापासून सुरू झालं, दादा, आणि मिटलं नाही.

त्याच दिवसांत पिवळ्या आण्यांमध्ये तुला एक दुहेरी सापडला. राजाच्या डोक्याभोवतीच्या शब्दांत जी तीन दातांची अक्षरं होती, त्यांचे दात टोकाशी फाटलेले, जणू एकाच अक्षराची दोन बोटं. दोन्ही रेघा सारख्याच गोल, सारख्याच उंच. काही दिवसांनी आणखी एक सापडला. तू आनंदाने ओरडलास, "वच्छे, याचा भाऊ भेटला!" मी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दादा, हा भाऊ नाही. याची दुसरी रेघ चपटी आहे. पायरी आहे थे."

"उजेड कमी आहे म्हणून तुले तसं दिसते."

"उजेड कायले कमी? भर दुपार आहे."

तू तो माझ्या हातातून काढून घेतलास. पुढे दोन्ही नाणी तू इतक्या वेळा पाहिलीस की मला तुझीच काळजी वाटायला लागली. पण मान्य केलं नाहीस. नंतर मात्र त्याच जातीचा एक आणखी आणा आला आणि त्यावर आपलं दोघांचंही एकमत झालं, की हा नक्की पहिल्याचा भाऊ.

आणि मग उस्मान कल्हईवाल्याला धरून नेलं.

तो सोनाळ्याचा. बाजाराच्या दिवशी इकडे यायचा, पिंपळाखाली भाता लावून आपल्या घरची भांडी उजळून द्यायचा. आपली त्याची ओळख तेवढीच. एका दुकानदाराने त्याच्याकडून घेतलेले पिवळे आणे पाहिले, अक्षरं दुहेरी दिसली, आणि त्याने आरडाओरड केली. कल्हईवाला म्हणजे कोळसा, कथील, भट्टी सगळं आलंच. पोलिसांना आणखी काय हवं होतं? उस्मानच्या पिशवीत तसेच आणखी आणे मिळाले. नाणी पाडल्याचा आरोप. यात किती वर्षं तुरुंगात जातात हे लोक पिंपळाखाली बसून एकमेकांना सांगत होते. त्याची बायको तुझ्या दुकानासमोर उभी राहून रडत म्हणाली, "भाऊ, त्यांनले तं आण्यावर काय लिहिलं असते थे बी माहीत नाही. बाजारात भेटले थे आणले घरी."

ती गेली आणि तू दुकानाची फळी ओढून घेतलीस. डबा काढलास. पिवळे आणे हातावर घेऊन बसलास. तुझा चेहरा पाहूनच मला कळलं.

"तू जाऊन राह्यला का कोर्टात?"

"एका ठशाचे आणे एकाच थैलीतून एका मुलखात येतात. त्याच्याजवळचे अन् माझ्याजवळचे एकच असतीन तं थे टांकसाळीतून आले आहेत. त्यानं पाडले नाहीत."

"अन् थे म्हणतीन की सारेच एका साच्यातून निघाले, साचा उस्मानचा, अन् तू त्याचा साथीदार."

तू मान खाली घातलीस. हे तुझ्याही मनात आलेलं होतं. मी मुद्दाम बोलले, कारण मला तुला थांबवायचं होतं. तू मग हळूच म्हणालास, "म्हणून तं खोटा आणाबी न्यावा लागंन. ओतलेला कसा दिसते थे दाखवल्याशिवाय फरक कसा कळंन?"

मी तुझे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. वहिनीला कळलं तेव्हा ती चुलीपुढून उठून आली. "लोकाच्या घरचा इस्तव आपल्या घरात काऊन आणून राह्यले?" असं तिने तुला विचारलं. तू हसलास. "काही होत नाही व," म्हणालास. ते हसणं तिला फार लागलं, दादा. मला तेव्हाच दिसलं होतं. त्या दिवसापासून ती तुझं ताट वाढायची आणि तोंड फिरवून बसायची.

कोर्टाच्या दिवशी तू वहिनीला न सांगता निघालास आणि मला बरोबर घेतलंस. डबा पंच्यात गुंडाळून काखेत. नाल्याच्या पुलावर तू थांबलास. कठड्याला टेकलास.

"वच्छे, परत जाऊ का?"

मी हो म्हणाले असते तर तू परत आला असतास, हे मला आजही वाटतं. पण माझ्या तोंडून शब्दच निघाला नाही. तू म्हणालास, "मले आत टाकलं तं तुही वहिनी दुकान चालवू शकंन का? मालाचे भाव माहीत आहेत तिले. पण उधारीवाले तिले ऐकतीन का?" मग स्वतःच म्हणालास, "ऐकतीन. ती कडक आहे." आणि चालायला लागलास.

कचेरीच्या मागे निंबाचं झाड आहे. तिथे तू ओकलास. सकाळचं सगळं. मी लोटीतलं पाणी तुझ्या हातावर घातलं. तुझा सदरा पाठीला चिकटला होता. तू तोंड पुसलंस, टोपी नीट केलीस आणि आत गेलास. मी दाराजवळच्या व्हरांड्यात बसले. तिथून सगळं ऐकू येत होतं आणि तुझी अर्धी पाठ दिसत होती.

"तुम्ही सराफ आहात?" मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. किराणा दुकान आहे."

"मग नाण्यांतलं तुम्हाला काय कळतं?"

"थोडंसंच. एका माणसाकडून ऐकलेलं आहे. चुकतही असेल. पण डोळ्यांना दिसतं ते दाखवू शकतो."

तुझा आवाज इतका बारीक होता की साहेबांनी तुला दोनदा मोठ्याने बोलायला सांगितलं. तू टेबलावर आणे मांडलेस. उस्मानचे एका बाजूला, तुझे दुसऱ्या बाजूला. भिंग साहेबांच्या हातात दिलंस. ओतलेल्या नाण्याची अक्षरं साखर विरघळावी तशी कडेला विरघळलेली असतात, पाकळ्यांवर सांध्याची रेघ राहते, फरशीवर टाकलं तर ते बद्द वाजतं. हे तू खोटा आणा पुढे करून सांगितलंस. "आणि हे पाहा साहेब. याच्या अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. हे ओतलेलं नाही, जोराने दाबलेलं आहे. एवढा जोर यंत्राचा असतो. उस्मानजवळ भाता आहे."

"हा खोटा आणा तुमच्याजवळ कसा?"

मी पदर तोंडात धरला.

"दुकानात आला, साहेब. पुढे कोणाला द्यायचा नव्हता म्हणून ठेवला."

"पोलिसांना का दिला नाही?"

साहेबांनी उत्तराची वाट न पाहता लिहून घेतलं. ती टाकाची कुरकुर मला बाहेर ऐकू आली. मग ते म्हणाले, "तुमचे हे तिन्ही आणे त्याच ठशाचे आहेत, असं तुमचं म्हणणं?"

उस्मानच्या वकिलाला वाटलं तू हो म्हणशील. मलाही वाटलं. जितके जास्त तितकं बरं, असं कोणीही धरून चाललं असतं. तू एक आणा बोटाने बाजूला सरकवलास.

"हा नाही, साहेब. माझी बहीण म्हणते की हा त्यातला नाही, हा नुसता घसरलेला आहे. मी तिच्याशी भांडलो. पण आता मला खात्री देता येत नाही. दोनच धरा."

दादा, वकील कपाळाला हात लावून बसला होता. मी व्हरांड्यात बसून रडत होते. कोर्टात माझं नाव तू घेतलं नाहीस, पण बहीण म्हणालास. आपल्या घरातल्या बाईचं म्हणणं कोर्टात सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. याबद्दल तुला काही बोलायचं राहूनच गेलं. त्या दिवशी परत येताना आपण उन्हाबद्दल बोललो.

साहेबांनी सगळे आणे टांकसाळीकडे पाठवायला सांगितले. तुझा डबाही ठेवून घेतला. "याचं काय करायचं ते नंतर पाहू. बोलावलं की यायचं." उस्मान जामिनावर सुटला, पण निकाल लागायचा होता. तू तेव्हापासून वाट पाहायला लागलास. मुंबईहून काय उत्तर येईल? म्हातारा खोटं बोलला असेल तर? त्याचं ऐकून तुलाच तसं दिसलं असेल तर? जेवताना घास हातात धरून थांबायचास. मी काही विचारलं की म्हणायचास, "एका ठशाचे नसतीन तं काय होईन, वच्छे?"

उत्तर आलं ते उन्हाळा सरताना. आणे खरे आहेत, टांकसाळीचेच आहेत. एवढंच. दुहेरी कशामुळे, कोणता ठशाचा आणि कोणता घसरलेला, याबद्दल त्यात अक्षरही नव्हतं. उस्मान सुटला. तो बायकोला घेऊन आला आणि दुकानाच्या पायरीवर डोकं टेकायला लागला, तेव्हा तू त्याला धरून उठवलंस आणि आतून गूळ आणून दिलास. त्या दिवशी तू पोटभर जेवलास. मला वाटलं, सुटलो आपण.

पण तुला बोलावणं यायचं होतं. डब्याचं आणि खोट्या आण्याचं. ते आज येईल, उद्या येईल, असं करत पावसाळा गेला. रस्त्यावर बूट वाजले की तू तराजू खाली ठेवायचास. मी म्हणायची, ते विसरले असतील. तू म्हणायचास, सरकार विसरत नाही. तुला चिडवायला मी एकदा कोर्टात बाजूला सरकवलेल्या त्या आण्याचा विषय काढला. म्हटलं, मान्य कर, मी बरोबर होते. तू म्हणालास, "कोर्टात म्हटलं खरं. पण मले अजून वाटते, थो भाऊच होता." आपण दोघंही हसलो. आता तो कुठल्या कपाटात पडला आहे कोण जाणे. मी आजही म्हणते की ती पायरी होती. तुला उत्तर देता येत नाही, म्हणून मला जिंकल्यासारखं वाटत नाही.

हिवाळ्यात तापाने धरलं आणि तू उठला नाहीस. भान जात-येत असताना तू दाराकडे पाहून विचारायचास, "आले का?" वहिनीला वाटायचं, तू डॉक्टरची वाट पाहतोस. ती म्हणायची, येतीलच. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. बोलावणं आलंच नाही, दादा. आजपर्यंत नाही.

तेरवीला माणसं जमली होती. उस्मान सोनाळ्याहून चालत आला, अंगणाच्या कडेला बसून राहिला. माणसं तुझ्याबद्दल बोलत होती. एक म्हणाले, "वाघ होता थो. भेव काय असते माहीतच नोयतं." दुसरे म्हणाले, "साहेबासमोर छाती काढून उभा राह्यला." सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी पंगतीत वाढत होती. ती वाढता वाढता थांबली, भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

माणसं गेल्यावर मी आत गेले. ती उरलेली भांडी आवरत होती. डोळे कोरडे. तू गेलास त्या दिवसापासून ती रडलेली नव्हती, शेजारच्या बायका त्यावर कुजबुजायलाही लागल्या होत्या.

"वन्सं, खरं सांगा," ती म्हणाली. "त्यांनले जराबी भेव वाटलं नसंन? मी अन् पोरी कुठी जाऊ, हे एकडावबी मनात आलं नसंन? मले न सांगता गेले हो. मी एवढी सांगून राह्यली होती अन् हे हसत होते."

मग मी तिला सांगितलं. पुलावर तू कठड्याला टेकलास ते सांगितलं. तिच्याबद्दल काय बोललास ते सांगितलं, ती कडक आहे म्हणालास तेही. निंबाखाली काय झालं, सदरा कसा भिजला होता, आत आवाज कसा फुटत नव्हता, आणि तापात तू दाराकडे पाहून कोणाची वाट पाहत होतास, सगळं सांगितलं. तू हे तिच्यापासून लपवलं होतंस. मीही गप्प होते. पण त्या माणसांचं बोलणं ऐकल्यावर मला राहवलं नाही. ते ज्याच्याबद्दल बोलत होते तो कोणी दुसराच होता. माझा भाऊ भ्याला होता आणि तरी गेला होता.

वहिनीने सगळं ऐकलं. हातातला गडवा तिने छातीशी धरला, आणि मग ती खाली बसून इतक्या मोठ्याने रडली की उस्मान अंगणातून उठून दाराशी आला.

"मले काऊन नाही सांगतलं?" ती म्हणत होती. "मी रागात होती तं काय झालं? मी आली असती ना संग. पुलावर थांबाले तुमी होते, वन्सं. माह्या नवऱ्याजवळ मी पायजे होती."

दादा, ती आली असती.